जूजू वॉटकिन्सच्या पुनरागमनाची प्रतीक्षा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया, अर्थात यूएससीच्या महिला बास्केटबॉल संघातील जूजू वॉटकिन्सच्या गुडघ्याविषयी मला परिचितांकडून सतत विचारणा होते. विचारणाऱ्यांत येथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आहेत आणि मोबाइलवर सामने पाहणारी पुण्या-नागपूरकडची भाचरंडेही आहेत. मी वैद्य नाही. मात्र माझ्या मुलीच्या गुडघ्यावर हीच शस्त्रक्रिया झाली असल्याने या दुखापतीचे दिवस मी घरात पाहिले आहेत. त्या अनुभवाच्या आणि जाहीर झालेल्या माहितीच्या आधारे ही उत्तरे दिली आहेत.

दुखापत नेमकी केव्हा आणि कशी झाली?

२४ मार्च २०२५ च्या संध्याकाळी लॉस एंजेलिसच्या गेलन सेंटरमध्ये, एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत, यूएससीचा सामना मिसिसिपी स्टेट संघाशी होता. भारतात तेव्हा २५ मार्चची सकाळ झाली होती, त्यामुळे तिकडच्या अनेकांना ही बातमी सकाळच्या चहाबरोबरच समजली. सामना सुरू होऊन जेमतेम पाच मिनिटे झाली होती. जूजू चेंडू घेऊन वेगाने दोन बचावपटूंच्या मधून बास्केटकडे निघाली असता उजवा पाय जमिनीत रोवला गेला आणि ती गुडघा धरून खाली पडली. तिला उचलूनच मैदानाबाहेर न्यावे लागले.

संघाने तो सामना ९६-५९ असा जिंकला आणि किकी इरियाफेनने एकटीने ३६ गुण केले. पुढे ३१ मार्च रोजी स्पोकेन येथे उपांत्यपूर्व फेरीत कनेटिकट संघाने यूएससीला ७८-६४ असे हरवले आणि त्यांचा हंगाम संपला.

एका विद्यार्थिनी खेळाडूसाठी सारे शहर इतके हळहळले, याचे कारण काय?

कारण ती त्या शहराची घरची मुलगी आहे. जूजू लॉस एंजेलिसच्या वॉट्स या वस्तीतली. तिचे पणजोबा टेड वॉटकिन्स यांनी १९६५ मध्ये तेथे वॉट्स लेबर कम्युनिटी ॲक्शन कमिटी ही संस्था उभी केली आणि तिचे नाव आजही त्या भागात आदराने घेतले जाते. शालेय पातळीवर देशातील सर्वोत्तम गणल्या गेलेल्या या मुलीला कोणत्याही नामांकित विद्यापीठाची दारे उघडी होती, तरी तिने घराजवळचे यूएससी निवडले. पहिल्याच हंगामात, २०२३-२४ मध्ये, तिने ९२० गुण करून प्रथम वर्षाच्या खेळाडूंचा राष्ट्रीय विक्रम मोडला. त्याच हंगामात स्टॅनफर्डच्या मैदानावर तिने एका सामन्यात ५१ गुण केले. दुसऱ्या हंगामात तिची सरासरी सुमारे २४ गुणांची होती आणि एप्रिल २०२५ मध्ये, ती शस्त्रक्रियेच्या चक्रात असतानाच, देशातील वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूचे प्रमुख पुरस्कार तिला जाहीर झाले.

आकड्यांच्या पलीकडेही काही होते. डोक्यावर उंच बांधलेला अंबाडा ही तिची ओळख असल्याने गेलन सेंटरमध्ये सात-आठ वर्षांच्या कितीतरी मुली तसाच अंबाडा बांधून येत असत. आईने घाईघाईत घातलेला, सामन्याच्या उत्तरार्धापर्यंत सैल होऊन मानेवर उतरलेला तो अंबाडा मी अनेक डोक्यांवर पाहिला आहे.

विद्यापीठाचे पहिले निवेदन इतके त्रोटक का होते?

त्या रात्री विद्यापीठाने एवढेच कळवले की दुखापतीमुळे तिचा हंगाम संपला आहे, तिच्यावर शस्त्रक्रिया होईल आणि त्यानंतर पुनर्वसन सुरू होईल. चाहत्यांना ते अपुरे वाटले, तरी पहिल्या रात्री यापेक्षा अधिक सांगणे ना शक्य असते ना उचित. डॉक्टरांना हाताने गुडघा तपासून अंदाज येतो, पण गुडघ्यात नेमके काय काय फाटले आहे हे एमआरआयवरून कळते, आणि सोबतच्या इजांचे पूर्ण चित्र कधीकधी प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या वेळीच स्पष्ट होते.

दुसरी बाजू कायद्याची आणि सभ्यतेची आहे. अमेरिकेत रुग्णाच्या वैद्यकीय माहितीला १९९६ च्या आणि विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींना १९७४ च्या केंद्रीय कायद्याचे संरक्षण आहे, आणि विद्यापीठे खेळाडूच्या प्रकृतीविषयी जे जाहीर करतात ते सर्वसाधारणपणे खेळाडूच्या संमतीने करतात. ती तेव्हा १९ वर्षांची होती. आपल्या गुडघ्याविषयी जगाला काय आणि केव्हा सांगायचे, हे ठरवण्याचा पहिला अधिकार तिचा होता.

एसीएल म्हणजे काय, आणि ते तुटल्याने खेळाडूचे काय जाते?

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आत तिरके बांधून ठेवणारा जो मजबूत अस्थिबंध असतो, त्याला एसीएल म्हणतात. जूजूच्या उजव्या गुडघ्यात तुटला तो हाच. नडगी पुढे सरकू नये आणि गुडघा नको तेवढा पिळला जाऊ नये, हे त्याचे काम. सरळ चालताना त्याची फारशी गरज भासत नाही आणि म्हणूनच हा बंध तुटलेली व्यक्ती काही आठवड्यांनी रस्त्यावर सहज चालताना दिसते. मात्र धावता धावता अचानक थांबणे, पाय रोवून दिशा बदलणे, उडी मारून एका पायावर उतरणे यांत सगळा भार त्याच्यावर येतो, आणि बास्केटबॉल हा तर याच तीन गोष्टींचा खेळ आहे. आपल्याकडे कबड्डीच्या खेळाडूंमध्ये ही दुखापत वारंवार दिसते, तीही याच कारणाने. उड्या आणि वळणे असलेल्या खेळांत मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात होते. उडीनंतर गुडघा आत झुकण्याची ढब आणि मांडीच्या पुढच्या-मागच्या स्नायूंच्या बळातील तफावत ही त्याची महत्त्वाची कारणे मानली जातात.

शस्त्रक्रिया तर तास-दोन तासांची असते. मग बरे व्हायला वर्ष का लागते?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर नीट समजले की उरलेली बहुतेक अस्वस्थता कमी होते.

तुटलेला एसीएल सहसा टाके घालून जोडला जात नाही. शल्यविशारद रुग्णाच्याच शरीरातून, गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेतून (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागातून) अथवा मांडीच्या मागच्या किंवा पुढच्या कंडरेतून, एक पट्टी काढतात, दोन्ही हाडांत बोगदे पाडून ती त्यांतून ओवतात आणि पक्की करतात. ही पट्टी म्हणजे अस्थिबंध नव्हे. ती कंडरा असते आणि शरीराला तिचे हळूहळू अस्थिबंधात रूपांतर करावे लागते. बसवल्यानंतर पहिले काही आठवडे तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पुढे तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, जुन्या पेशी जाऊन नव्या येतात, आणि या स्थित्यंतराच्या मधल्या काळात ती बसवली त्या दिवसापेक्षाही दुबळी झालेली असते. दुर्दैवाने हाच काळ असा असतो की सूज उतरलेली असते, दुखणे थांबलेले असते आणि खेळाडूला वाटू लागते की आपण बरे झालो. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरलेल्या तरुण खेळाडूंमध्ये पुन्हा गुडघा दुखावण्याचा धोका लक्षणीय वाढतो, म्हणून आज नऊ ते बारा महिने ही सर्वसाधारण मुदत धरतात. कितीही पैसा, कितीही उत्तम फिजिओथेरपिस्ट आणि कितीही जिद्द असली, तरी पेशींचे हे काम त्यांच्याच गतीने होते.

दुसरे काम स्नायूंचे. माझ्या मुलीला शस्त्रक्रियेनंतर पहिला व्यायाम दिला गेला तो असा: टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा, मांडीचा पुढचा स्नायू आवळून गुडघ्याने खालची गादी दाबायची आणि पाच आकडे मोजायचे. शाळेच्या संघातून खेळणारी, पायऱ्या दोन-दोनने चढणारी मुलगी पलंगावर बसून आपल्याच मांडीकडे एकटक पाहत होती, आणि मांडी हलत नव्हती. सुजलेल्या गुडघ्याकडून जाणाऱ्या संदेशांमुळे तो स्नायू जणू झोपी जातो, हे फिजिओने समजावून सांगितले. चौथ्या दिवशी वाटीच्या वरच्या बाजूला कातडीखाली हरभऱ्याएवढी थरथर दिसली, तेव्हा आम्ही दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले होते. तेथून दोन्ही पायांचे बळ जवळजवळ समान होईपर्यंत जायचे असते. निरोगी पायाच्या तुलनेत किमान ९० टक्के ताकद आली नाही तर खेळण्याची परवानगी देऊ नये, असा निकष अनेक ठिकाणी पाळला जातो.

मग तिने २०२५-२६ चा संपूर्ण हंगाम सोडण्याचे कारण काय? निदान मार्चमधील स्पर्धेला तरी ती येऊ शकली नसती का?

२८ सप्टेंबर २०२५ रोजी जूजूने स्वतः जाहीर केले की ती हा हंगाम खेळणार नाही आणि पूर्ण बरे होण्यावरच लक्ष देईल. दिनदर्शिका समोर ठेवली की निर्णयामागचा हिशेब उलगडतो. दुखापतीपासून मोजले तरी नऊ महिने २४ डिसेंबरला भरतात, बारा महिने २४ मार्चला, आणि शस्त्रक्रियेपासून मोजायचे तर त्याही पुढे. महाविद्यालयीन हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुरू होऊन एप्रिलच्या सुरुवातीला संपतो. म्हणजे सर्व काही सुरळीत पार पडले असते तरी तिला ऐन बाद फेरीच्या तोंडावर, सरावाचे सामने न खेळता, वर्षातील सर्वांत तीव्र लढतींत उतरावे लागले असते. माझ्या मते हा निर्णय सर्वार्थाने योग्य आहे. प्रशिक्षक लिंडसे गॉटलिब यांच्या संघाला तिच्यावाचून एक वर्ष काढावे लागणे जड आहे, पण विशीतील खेळाडूपुढे पंधरा वर्षांची कारकीर्द असते.

या वर्षामुळे तिची खेळण्याची पात्रता वाया जाते का?

नाही. एनसीएएच्या नियमानुसार खेळाडूला पाच वर्षांच्या अवधीत चार हंगाम खेळता येतात. जूजू दोन हंगाम खेळली आहे. एकही सामना न खेळता सोडलेले वर्ष त्या चारांत धरले जात नाही.

डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक स्पर्धेचा विचार करायचा तर, ज्या नियमांखाली तिची पिढी वाढली त्यांनुसार अमेरिकी खेळाडू ज्या वर्षी २२ वर्षांची होते, त्या वर्षीच्या ‘ड्राफ्ट’ला, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या निवडीला, ती पात्र ठरते. जूजूचा जन्म जुलै २००५ चा आहे, म्हणजे ते वर्ष २०२७. त्यामुळे २०२६-२७ चा हंगाम हा तिच्या दृष्टीने दुहेरी महत्त्वाचा ठरतो.

सराव करतानाच्या चित्रफिती पाहून काही अंदाज बांधता येतो का?

थोडासा येतो, पण काय पाहायचे हे माहीत असेल तरच. जागेवर उभे राहून चेंडू टाकणे ही फार सुरुवातीची पायरी आहे आणि त्यावरून पुनरागमन जवळ आले असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. सरळ रेषेत धावणे साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होते. लक्ष द्यायचे ते पुढच्या गोष्टींकडे. ती धावता धावता झटकन थांबते आहे का? दुखावलेल्या पायावर एकट्याने उतरते आहे का? आपल्या मनाने ठरवलेल्या दिशेने वळते आहे की समोरच्या खेळाडूच्या हालचालीला तत्काळ प्रत्युत्तर देत वळते आहे? आणि कोणी तिला अंगाने रोखते आहे का? संघसहकाऱ्यांबरोबर पाचास पाच असा पूर्ण धक्काबुक्कीचा सराव करण्याची परवानगी मिळणे, ही खरी मोठी बातमी असते. दहा सेकंदांच्या चित्रफितीत हे सहसा नसते.

दुखापतीच्या बातम्यांतील ‘डे-टू-डे’, ‘वीक-टू-वीक’ या शब्दांचा खरा अर्थ काय?

‘डे-टू-डे’ म्हणजे इजा किरकोळ असून रोज सकाळी पाहून ठरवले जाईल. ‘वीक-टू-वीक’ म्हणजे या आठवड्यात तरी आशा धरू नये. ‘गेम-टाइम डिसिजन’ म्हणजे सामन्यापूर्वीच्या सरावात खेळाडूला कसे वाटते त्यावर निर्णय. ‘आउट इन्डेफिनिटली’ हा शब्दप्रयोग ऐकून लोक घाबरतात, पण त्याचा अर्थ दीर्घकाळ असा नसून मुदत सांगण्याइतकी माहिती अजून हाती नाही, असा असतो.

मुदत सांगितली तरी ती अंदाजच असते. कनेटिकटच्या पेज बेकर्सला ५ डिसेंबर २०२१ रोजी गुडघ्याला इजा झाली तेव्हा सहा ते आठ आठवडे सांगण्यात आले होते. त्यानंतर शस्त्रक्रिया करावी लागली आणि ती परतली २५ फेब्रुवारी २०२२ रोजी, म्हणजे जवळजवळ बारा आठवड्यांनी. कोणी खोटे बोलले नव्हते. गुडघ्याने अधिक वेळ घेतला. उलट उदाहरण ड्यूक विद्यापीठाच्या झायन विल्यमसनचे. २० फेब्रुवारी २०१९ रोजी नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धच्या सामन्याच्या पहिल्याच मिनिटात त्याचा बूट फाटला, गुडघा पिळला गेला आणि देशभर काळजी पसरली. इजा सौम्य मुरगळ निघाली आणि १४ मार्चला सिरॅक्यूजविरुद्ध परतून त्याने १३ पैकी १३ फेक अचूक टाकत २९ गुण केले.

आतल्या गोटातील म्हणून फिरणाऱ्या बातम्यांवर विश्वास ठेवावा का?

ठेवू नये. असे स्पष्ट सांगण्याचे कारण पैशाशी निगडित आहे. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रीडा सट्ट्यावरील देशव्यापी बंदी उठवली आणि त्यानंतर बहुसंख्य राज्यांनी तो कायदेशीर केला. तेव्हापासून विद्यार्थी खेळाडूचा घोटा सुजला आहे की नाही, या माहितीलाही बाजारभाव आला. वसतिगृहातील मैत्रिणीपासून संघाच्या मदतनिसापर्यंत अनेकांकडे त्यासाठी विचारणा होऊ लागली. हे थोपवण्यासाठीच साउथईस्टर्न कॉन्फरन्ससारख्या विद्यापीठांच्या गटांनी २०२४-२५ पासून काही खेळांत गटांतर्गत सामन्यांपूर्वी खेळाडूंच्या उपलब्धतेची अधिकृत यादी प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. मला ही पद्धत पटते, कारण तिच्यामुळे सर्वांना एकाच वेळी सारखेच कळते आणि खेळाडूमागचा ससेमिरा काहीसा कमी होतो.

जूजूच्या बाबतीत तिचे स्वतःचे निवेदन, विद्यापीठाचे निवेदन आणि प्रशिक्षकांचे पत्रकारांसमोरील बोलणे, एवढेच ग्राह्य धरावे.

या दुखापतीनंतर पूर्वीसारखे खेळता येते का?

येते, आणि याचे ठळक उदाहरण पुन्हा कनेटिकटमध्येच सापडते. बेकर्सचा डावा एसीएल ऑगस्ट २०२२ मध्ये तुटला. तिने २०२२-२३ चा पूर्ण हंगाम सोडला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये, सुमारे पंधरा महिन्यांनी, ती परतली. त्या हंगामात तिची सरासरी जवळपास २२ गुणांची होती. ६ एप्रिल २०२५ रोजी टॅम्पा येथे कनेटिकटने साउथ कॅरोलायनाला ८२-५९ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि आठ दिवसांनी डॅलस विंग्ज संघाने तिला पहिल्या क्रमांकावर निवडले.

तिची सहकारी ॲझी फड हिची वाट अधिक खडतर होती, आणि मला ती अधिक जवळची वाटते. शाळेत असताना एकदा आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सरावात दुसऱ्यांदा तिचा तोच गुडघा दुखावला. वर्षभराने, २० नोव्हेंबर २०२४ रोजी, ती मैदानात उतरली, पण डिसेंबरच्या सुरुवातीला गुडघा पुन्हा मुरगळून तिला काही सामने बाहेर बसावे लागले. तेव्हा आमच्या घरात शांतता पसरली होती, कारण माझी मुलगी त्या वेळी स्वतः पायऱ्या उतरायला पुन्हा शिकत होती. त्याच फडने एप्रिलच्या अंतिम सामन्यात २४ गुण केले आणि अंतिम टप्प्यातील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. जूजूच्या पुनरागमनातही असे चढउतार आले तर चाहत्यांनी धीर सोडू नये.

त्या रात्री प्रेक्षकांनी प्रतिस्पर्धी संघाची हुर्यो उडवली. ते योग्य होते का?

नव्हते. दुखापतीनंतर उरलेला सामनाभर मिसिसिपी स्टेटच्या मुलींची हुर्यो उडवली जात होती. बास्केटकडे झेपावणाऱ्या खेळाडूला रोखणे हे बचावपटूचे कामच आहे. एसीएल तुटतो तो बहुतेक वेळा पाय रोवण्याच्या आणि वळण्याच्या क्षणी. प्रेक्षकांचे दुःख खरे होते, पण ते ज्यांच्यावर काढले गेले त्याही वीस-एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीच होत्या.

तिला शुभेच्छा कळवायच्या असल्यास त्यांत काय लिहावे?

“केव्हा परतणार?” हे लिहू नये. माझ्या मुलीला नऊ महिने भेटणारा प्रत्येक जण प्रेमाने हेच विचारत असे आणि दर वेळी तिला उत्तर नसल्याची लाज वाटत असे. तिच्या वर्गातील एका मुलीने मात्र कार्डावर लिहिले होते, “आज गुडघा किती वाकला?” ते कार्ड अजून तिच्या टेबलावर आहे.

पुढची महत्त्वाची बातमी कोणती असेल?

तारखेची नव्हे. आधी पूर्ण सरावाला परवानगी मिळाल्याचे कळेल. नंतर, २०२६-२७ च्या हंगामाच्या सुरुवातीला, ती किती मिनिटे खेळणार यावर मर्यादा घातली जाण्याची दाट शक्यता आहे, आणि पहिल्या काही सामन्यांत ती पंधरा-वीस मिनिटांनी बाकावर जाऊन बसली तर काही बिघडले असे समजू नये. गुडघ्यावर पट्टा असेल. पहिल्या वेळी ती दोन बचावपटूंच्या मधून बास्केटकडे निघेल तेव्हा गेलन सेंटरमधील दहा हजार माणसे श्वास रोखून तिच्या उजव्या पायाकडे पाहत असतील.